अकरा नंबरचा बदामी रंग

बावीस वर्षं त्याने लोकांच्या भिंती रंगवल्या आणि शेवटी एका भिंतीनेच त्याला खाली टाकलं. खरं तर दोष परांचीच्या सैल दोरीचा. पण घरमालकाने त्या भिंतीसाठी जो जांभळा निवडला होता, तो जवळून पाहिल्यामुळेच आपला तोल गेला असं त्याचं आजही ठाम म्हणणं आहे. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली आणि डॉक्टरांनी शिडी कायमची बंद केली. ज्या हॉस्पिटलात हाड जुळलं तिथेच पुढे वॉर्डबॉयची जागा निघाली. अशा रीतीने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो 'बॉय' झाला. बायको म्हणाली, "चला, हाड मोडून का होईना, वय तरी कमी झालं."

त्याला वॉर्ड मिळाला तो नळीवाल्यांचा. सोळा खाटा, सोळा पुरुष. कुणाचा मणका गेलेला, कुणाचं वय झालेलं. पण लघवी आपली आपण होत नाही हे सगळ्यांचं सारखं. प्रत्येकाला आत एक नळी बसवलेली आणि खाटेच्या कडेला पिशवी टांगलेली. सकाळी साडेसहाला एकेक पिशवी प्लास्टिकच्या जगात रिकामी करायची, किती भरली ते वाचायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, ओतून द्यायचं, जग धुवायचा. काम सोपं होतं. अडचण फक्त एका रकान्याची होती, आणि त्या रकान्याचं नाव होतं 'रंग'.

त्याच्या आधीचे सगळे तिथे 'पिवळा' लिहून मोकळे होत. त्याच्याने ते होईना. पिवळा हा काही रंग नव्हे, ते एक आडनाव आहे, त्या आडनावाची माणसं कितीतरी, असं त्याचं मत. पहिल्याच दिवशी त्याने लिहिलं, खाट एक : लिंबाची साल. खाट दोन : जुना कागद. खाट पाच : हस्तिदंती, तळाला चुन्याचा गाळ. मोठ्या सिस्टरने ते वाचलं आणि चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "हा वॉर्ड आहे की रंगाचं दुकान?" पण त्या चुन्याच्या गाळावरून पाच नंबरची तपासणी झाली, जंतू निघाले, औषध सुरू झालं आणि ताप चढायच्या आत उतरला. त्यानंतर सिस्टर काही बोलली नाही. वॉर्डाने मात्र त्याचं बारसं उरकून टाकलं : शेडकार्ड.

डोळा तिखट होता तेवढंच नाक मेलेलं होतं. बावीस वर्षांच्या टर्पेंटाइनने त्याचा वास घेण्याचा गुण धुऊन नेला होता. दुसऱ्या कुठल्या नोकरीत ही उणीव ठरली असती. या वॉर्डात ती गुणवत्ता होती.

अकरा नंबरच्या खाटेवर त्याचा सासरा होता.

सासऱ्याला तो मामा म्हणायचा. मामांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं होतं, त्यामुळे ते बोलायचेही मोजून आणि रागवायचेही वेळेवर. जावयाला त्यांनी वीस वर्षांत एकदाही 'अरे' म्हटलं नव्हतं. जावईबापू घरात आले की ते पाय आखडून घेत, जावईबापूंनी पाण्याचा पेला पुढे केला तर उठून बसल्याशिवाय घेत नसत. दोन वर्षांपूर्वी त्यांना नळी लागली. नळीच्या वाटेने जंतू चढतात, आत घर करतात, आणि मग थंडी वाजून असा ताप भरतो की खाटसुद्धा खडखडते. गेल्या वर्षी असा ताप चारदा आला. एक मूत्रपिंड त्यात निकामी झालं. दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी बायकोला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "आणखी एक असा ताप यांना झेपणार नाही." तेव्हापासून तो घरी आला की चपला काढायच्या आत बायको विचारायची, "बाबांना ताप?" तो 'नाही' म्हणाला की ती श्वास सोडायची आणि मग त्याला आत घ्यायची.

अशात वॉर्डात संशोधन आलं. ते घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या, आणि दोन दिवसांत त्यांचं नाव संशोधनबाई पडलं. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं. नवी नळी आली आहे. तिच्या रबरातच औषध मुरवलेलं आहे. ते हळूहळू, थोडं थोडं, दिवसचे दिवस बाहेर सुटत राहतं, त्यामुळे जंतूंना नळीवर बूड टेकायला जागा मिळत नाही. आठ जणांना ही नळी, आठ जणांना साधी. दिसायला दोन्ही विटकरी, अगदी एकसारख्या. कुणाला कुठली हे रुग्णाला माहीत नाही, सिस्टरला नाही, खुद्द बाईंनाही नाही. यादी औषधभांडाराच्या प्रमुखांकडे, कुलपात.

शेडकार्डने मान हलवली, पण त्याला काही ते पटलं नाही. रंगवणाऱ्यालाच डब्यात काय आहे ते ठाऊक नाही, असं काम त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

मामांनी संमतीची अकराच्या अकरा पानं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून वाचली, सातव्या पानावरची एक चूक बाईंना दाखवली, आणि सही केली.

ज्यांचे हातपाय चालतात त्यांनी पिशवी स्वतः रिकामी केली तर हरकत नव्हती. आतापर्यंत मामांची पिशवी रात्रपाळीवालाच सोडून जायचा; संशोधनाच्या पहिल्या सकाळी मात्र शेडकार्ड अकरा नंबरशी पोचला तेव्हा जग आधीच भरून स्टुलावर ठेवलेला होता. वर घडी घातलेला कागद झाकण म्हणून. मामा गळ्यापर्यंत चादर ओढून बसले होते. "सहाशे चाळीस," ते म्हणाले. "मोजलंय. तुम्ही फक्त लिहून घ्या, जावईबापू."

खरं सांगायचं तर शेडकार्डला हायसं वाटलं. पंधरा जणांची पिशवी तो बिनदिक्कत सोडायचा, पण सासऱ्याची लघवी हातात धरायची म्हणजे त्याच्याही कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. त्याने जग उचलला, तिरक्या नजरेने एकदा पाहिलं, 'बदामी' असं लिहिलं आणि झटकन ओतून आला. पुढे रोज हेच. कधी सहाशे, कधी सातशे. जास्त भरलं की बदामी फिकट, कमी भरलं की गडद. मामांचं शरीरसुद्धा कसं हिशेबी आहे, असं म्हणून त्याला कौतुकच वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात त्याच्या डोळ्याला एक गोष्ट खटकली. काही जगांमध्ये पिवळ्याच्या आत कणभर गेरू होता. कणभर म्हणजे किती, तर बादलीभर चुन्यात कुणीतरी गेरूचं बोट बुडवून काढावं इतका. सिस्टरला दाखवला, तिला दिसेना. रुग्णांना दाखवला, त्यांनी आपापल्या लघवीकडे कौतुकाने पाहिलं आणि नाही म्हणाले. पण त्याला दिसत होता. एक, चार, सहा, नऊ अशा ठराविक खाटांवर, रोज.

त्याने त्याचा अर्थ लावला तो रंगाऱ्याचा. नळी विटकरी, पाण्यात गेरू, म्हणजे नळीचा रंग सुटतोय. आणि ज्याचा रंग सुटतो ते काम हलकं, एवढं त्याला धंद्याच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अस्तर नीट नसलं की रंग सुटतो, पैसे वाचवले की सुटतो, कारागीर बायकोशी भांडून आला असेल तरी सुटतो. बिचाऱ्या सात-आठ जणांना हलका माल लागला, असं म्हणून तो हळहळला. मामांच्या जगात गेरूचा मागमूस नव्हता. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, "काळजी नको. मामांची नळी पक्क्या रंगाची आहे."

तिसऱ्या आठवड्यात त्याची झोप उडाली. पक्क्या रंगाच्या नळ्यांमध्ये चुन्याचा गाळ दिसायला लागला. आधी दोन नंबर गढुळला, मग आठ, मग चौदा. दोघांना ताप आला. आणि हलक्या मालवाले सगळे तळापर्यंत नितळ. चार नंबरचा म्हातारा ट्रक-ड्रायव्हर, ज्याला दर महिन्याला ताप ठरलेला, तो उशीला टेकून शिट्टी वाजवत होता.

जग धुता धुता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तोच त्याची पाचावर धारण बसली. बाई काय म्हणाल्या होत्या? औषध हळूहळू सुटत राहतं. म्हणजे सुटणं हा त्या नळीचा दोष नव्हे. सुटणं हेच तिचं काम. बावीस वर्षं जे न होण्यासाठी तो झटला, तेच इथे व्हायला हवं होतं. आणि मामांचं काही सुटत नव्हतं. मामांना साधी नळी होती. ताप आज नाही आला तर उद्या येणार होता.

चार आठवड्यांनी सगळ्यांच्या नळ्या बदलायच्या होत्या. नवी पाकिटं आली, प्रत्येकावर खाटेचा नंबर चिकटवलेला. कपाटात ती लावून ठेवायचं काम त्याचंच. एका हातात चार नंबरचं पाकीट, दुसऱ्या हातात अकराचं, असा तो कपाटाच्या दारामागे उभा राहिला. चिठ्ठ्या नखाने सहज सुटण्यासारख्या होत्या. भिंतीवरून जुने पोपडे काढणाऱ्या नखांना हे काय अवघड? त्याने चारच्या चिठ्ठीचं एक टोक उचललंही. तेवढ्यात बाहेरून शिट्टी ऐकू आली. ड्रायव्हर कुठलीतरी चाल आठवायचा प्रयत्न करत होता आणि एकाच जागी अडखळत होता. शेडकार्डने ते टोक परत दाबून बसवलं, चांगलं अंगठ्याने घासून, आणि स्वतःवर चिडत सरळ संशोधनबाईंच्या खोलीत गेला.

"बाई, एक मागणं आहे. अकरा नंबरला गेरूवाली नळी द्या."

"कुठली नळी?"

"गेरूवाली. औषधाची. त्यांना साधी लागलीय."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? दिसतं की."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई पांढऱ्या पडल्या. साध्या पांढऱ्या नव्हे, निळसर पांढऱ्या, असं त्याने नंतर बायकोला वर्णन करून सांगितलं. औषध मुळात विटकरी रंगाचं आहे हे खरं, त्या म्हणाल्या, पण ते इतकं कमी सुटतं की डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. आणि जर दिसत असेल, तर कुणाला कुठली नळी हे गुपित राहिलं नाही, आणि गुपित नसेल तर वर्षभराची मेहनत पाण्यात. "पाण्यात नाही," तो चुकून बोलून गेला, "लघवीत." बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा झाली. सोळा जगांतलं थोडं थोडं बाईंनी काचेच्या सोळा पेल्यांत घेतलं, नंबर बुडाला चिकटवले, पेले उलटसुलट फिरवून खिडकीत पांढऱ्या कागदावर मांडले. शेडकार्डने आधी ट्यूबलाइट बंद करायला लावली. मग हात मागे बांधून, दिवाणखान्याचा रंग ठरवणाऱ्या माणसासारखा, इकडून तिकडे एक फेरी मारली आणि चार मिनिटांत पेले दोन बाजूंना केले. गेरूवाले सात, बिनगेरूचे नऊ. नऊमध्ये एक बदामी होता. नंबर न पाहताही तो ओळखू आला आणि मन खट्टू झालं.

बाईंनी फोनवरून नंबर वाचून दाखवले. भांडारप्रमुखांनी कुलूप काढून यादी पाहिली. "पंधरा बरोबर," पलीकडून आवाज आला. "एक चूक."

बाई खुर्चीत बसल्या. शेडकार्ड मात्र उभाच राहिला, आणि त्याला आला राग. सासऱ्याची काळजी, नोकरीची काळजी, सगळं क्षणभर बाजूला पडलं. चूक? त्याची? "कुठला चुकला?"

"ते मी सांगू शकत नाही."

"मग मीच सांगतो." तो पुन्हा पेल्यांवर वाकला. एकेक पेला उजेडात धरला, खाली ठेवला. बदामीपाशी आल्यावर बराच वेळ थांबला. आता सासऱ्याची लघवी म्हणून नव्हे, रंग म्हणून तो तिच्याकडे पहिल्यांदाच बघत होता. "हा," तो शेवटी म्हणाला. "हा रंग खोटा आहे. सव्वीस दिवस बघतोय, फिकट-गडद होतो, पण छटा तीच. माणसाच्या अंगातून निघालेला रंग रोज थोडा हलतो. न हलणारा रंग डब्यातून निघतो."

बाईंनी त्यात तपासणीची पट्टी बुडवली. पट्टीवर काहीच उमटलं नाही. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि बराच वेळ त्या मान वर करेनात. "यात काहीतरी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "शिरा दिसताहेत. पानासारख्या." त्यांचा आवाज असा झाला होता की आपण नवा रोग शोधला, एवढंच म्हणायचं बाकी होतं. मोठी सिस्टर पुढे आली, तिने पेला नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"कोरा चहा आहे," ती म्हणाली. "पाणी घालून."

बाईंनाच आधी कळलं. चुकलेला पेला कुठला ते आता उघडं पडलं होतं, आणि तो चुकला याचा अर्थ काय तेही. "तुम्ही काही ऐकलं नाही," त्या बोट रोखून म्हणाल्या. "संशोधन संपेपर्यंत रुग्णाला सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही."

"मी काही ऐकलं नाही, बाई," शेडकार्ड म्हणाला. "पण मला वजाबाकी येते."

संशोधन बुडालं नाही. तपासणीचे खरे नमुने सिस्टर दर आठवड्याला नळीतूनच घेत होती, ते शाबूत होते. फक्त रंगाचा रकाना त्याच्याकडून काढून घेतला आणि कार्यालयातल्या एका कारकुनाकडे दिला. हा गृहस्थ दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून यायचा आणि त्याला ते संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. डोळा चांगला म्हणून कामावरून काढलेला जगातला मी पहिलाच, असं शेडकार्ड पुढे कित्येक दिवस सांगत होता.

पण त्या सकाळी तो तडक अकरा नंबरशी गेला. रागवायचं ठरवून गेला होता.

"मामा, तुमच्या लघवीत चहाची पत्ती सापडली."

मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "इथलं गाळणं बारीक नाही," ते म्हणाले.

"कशासाठी हे?"

मामा बराच वेळ घडीवर घडी घालत राहिले. "मोजमाप खरं होतं," ते म्हणाले. "आकड्यात मी एक थेंब इकडचा तिकडे केला नाही. आधी मोजायचो, ओतून द्यायचो, जग तीनदा धुवायचो, मग तेवढंच भरायचो."

"ते कळलं. पण का?"

"मी मुलगी दिलीय तुम्हाला," मामा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोजका राहिला नव्हता. "रोज सकाळी तुम्ही माझं हे हातात धरून सगळ्यांसमोरून चालत जाणार, आणि मी इथे पडून बघणार. नाही बघवत. म्हटलं, न्यायचंच आहे तर निदान चहा तरी न्यावा."

शेडकार्डचा राग कुठच्या कुठे गेला. "मामा," तो म्हणाला, "माझंही चुकलं. पंधरा जणांकडे मी नीट बघितलं. तुमच्याकडे बघितलंच नाही. मलाच लाज वाटायची." बोलून झाल्यावर त्याला आठवलं, आणि त्याने विचारलं, "पण चहा आणायचात कुठून? वॉर्डात तर भल्या सकाळी माणशी एकच कप मिळतो, तोही कोरा."

"हो. एकच."

"मग तुम्ही काय प्यायचात?"

मामा खिडकीबाहेर बघू लागले. "पाणी चांगलं असतं या आजारात," ते म्हणाले. चहाचा दुसरा कप झाल्याशिवाय दुकानाची फळी न उघडणारा माणूस हा. सव्वीस सकाळी त्याने आपला एकुलता एक कप जगात ओतला होता.

त्या संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "बाबांना ताप?" तो 'नाही' म्हणाला, पण असा म्हणाला की तिने परत वर पाहिलं. "काय झालं?" "काही नाही," तो म्हणाला आणि चपला घालूनच स्वयंपाकघरापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला अकरा नंबरच्या स्टुलावर जग रिकामा होता. मामा भिंतीकडे तोंड करून निजले होते आणि पिशवी खाटेच्या कडेला भरलेली होती. शेडकार्ड खुब्यावर हात ठेवून खाली वाकला, तोटी सोडली. सहाशे दहा. जग घेऊन तो खिडकीशी गेला आणि दोन्ही हातांनी उजेडात धरला. पिवळा, तळापर्यंत नितळ, आणि त्यात कणभर गेरू. सांगायची बंदी होती, आणि सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

"कसा आहे?" मामांनी भिंतीला विचारलं.

"दिवाणखान्याला द्यावा असा आहे, मामा."

चादर हलली. मग खांदे हलले, मग सगळी खाट खडखडायला लागली. शेडकार्डला वाटलं, ताप. जग तसाच हातात घेऊन तो धावला, दुसरा हात त्याने मामांच्या कपाळाला लावला. कपाळ गार होतं. मामा हसत होते.

त्याने जग ओतला, साबणाने दोनदा हात धुतले आणि त्यांचा चहा आणून दिला. मामा उठून बसायला लागले. "पडूनच घ्या," तो म्हणाला. मामांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि उशीला टेकल्या टेकल्याच कप हातात घेतला.